गायक-वादकांचे प्रसिद्धीचे फोटो: कुठे बिघडतं आणि का

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस ठाण्यात नौपाडा, राम मारुती रोड, तलावपाळी असा फेरफटका मारला की दिवाळी पहाटेच्या फ्लेक्सची रांगच लागलेली दिसते. वाशी-नेरुळला वेगळं काही नसतं. त्यातला कुठलाही एक फ्लेक्स नीट बघा. वरच्या पट्टीत पक्षाचे ज्येष्ठ नेते, उजवीकडे हात जोडून उभे असलेले आयोजक आणि खाली डाव्या कोपऱ्यात एका गोलात गायिका. तिचा चेहरा आयोजकांच्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा जेमतेम मोठा. रिक्षात बसलेला माणूस तो फ्लेक्स दोन सेकंद बघतो. तेवढ्यात त्या गोलाने एकच गोष्ट सांगायची असते: ही काय गाते. बहुतेक फोटो तेवढंही सांगत नाहीत.

फोटो चांगला दिसणं ही नंतरची गोष्ट. प्रसिद्धीचा फोटो ऐकणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो की तुला काय ऐकायला मिळणार आहे. ते चुकीचं सांगितलं गेलं तर फोटो जितका देखणा तितकं नुकसान जास्त. ख्याल गाणाऱ्या मुलीने निऑन दिव्यांत, चामडी जॅकेट घालून फोटो काढले तर आयोजक तिला फ्यूजनसाठी बोलावतात आणि समोर बसलेले अर्ध्या तासाच्या संथ विलंबितात चुळबुळ करतात. उलटही होतं. नऊवारी, नथ, चंद्रकोर असा एकच फोटो सगळीकडे फिरला की गुढीपाडवा आणि मराठी भाषा गौरव दिन पक्के, पण एरवी फोन वाजत नाही. गाणं बदलत नाही, आमंत्रणं बदलतात. आणि आमंत्रणं बदलली की चार-पाच वर्षांत गाणंही बदलतं, हे मात्र कुणी बोलत नाही.

एका फोटोत किती ताकद असते याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिसिसिपीचा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली वयाच्या २७व्या वर्षी गेला. मागे २९ गाणी राहिली आणि लोकांसमोर फोटो एकही नाही. १९६१ साली त्याची एलपी निघाली तेव्हा मुखपृष्ठावर चित्र काढून भागवावं लागलं. चेहराच नसल्यामुळे लोकांनी मनाने एक माणूस उभा केला: फाटका, भेदरलेला, चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकलेला. १९८०च्या दशकात त्याचे दोन फोटो लोकांसमोर आले. त्यातला एक मेम्फिसच्या हूक्स ब्रदर्स स्टुडिओत काढलेला. रेघांचा सूट, टाय, तिरकी हॅट, चकचकीत बूट, मांडीवर गिटार आणि चेहऱ्यावर हसू. स्वतःच्या पैशाने स्टुडिओत जाऊन ‘मी धंदेवाईक वादक आहे’ हे सांगणारा तरुण. दंतकथा मेली नाही, पण तिच्याशेजारी आता एक माणूस येऊन बसला. दुसरा फोटो तोंडात सिगारेट धरलेला, यंत्राच्या बूथमध्ये काढलेला. १९९४ साली अमेरिकी टपाल खात्याने त्यावरून तिकीट काढलं तेव्हा ती सिगारेट पुसून टाकली. म्हणजे जाऊन ५६ वर्षं झालेल्या माणसाची प्रतिमाही कुणीतरी दुरुस्त करतच होतं.

आपल्याकडे हे शास्त्र फार लवकर उमगलं होतं. गौहरजान यांचं १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं, आणि त्या काळात त्यांची छबी पोस्टकार्डांवर, काडेपेट्यांवर फिरत होती. बालगंधर्वांचे शालू नेसलेले, नथ घातलेले फोटो बघा. स्टुडिओत मान वळवून, एका हाताने पदर सावरत, पूर्ण स्थिर. त्या काळच्या फिल्मला जास्त प्रकाश लागायचा, हललं की फोटो गेला, म्हणून ती स्थिरता. पण तीच स्थिरता पुढे शालीनता म्हणून लोकांच्या डोळ्यांत बसली. तंत्राच्या अडचणीतून आलेली गोष्ट नटाची ओळख होऊन बसली. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला झाकिर हुसेन: उडणारे केस, धूसर झालेली बोटं, हसरा चेहरा. ताजमहाल चहाच्या जाहिरातीने ती छबी घराघरांत नेली आणि तबला म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र येऊ लागलं. त्यानंतर कित्येक तबलजींनी केस वाढवून फोटो काढले. हात तेवढे तयार असतील तर हरकत नाही.

आता कामाचं बोलू.

शूट ठरवण्याआधी स्वतःला विचारायचं की पुढच्या दोन वर्षांत मला कुणी बोलवावं असं वाटतं. संगीत सभांनी, सोसायटीच्या सांस्कृतिक मंडळांनी, कॉर्पोरेट कार्यक्रमवाल्यांनी की लग्नाच्या संगीतवाल्यांनी? एका उत्तरासाठी एक संच काढावा. चारही गोष्टी करत असाल तर दोन संच, पण एकाच फोटोत चारही कोंबू नयेत. मांडीवर स्वरमंडल, गळ्यात हेडफोन आणि मागे गिटार असा फोटो ज्याला दाखवाल तो विचारेल, ‘नक्की काय करता?’

संचात काय असावं? जवळून काढलेला चेहरा, ज्यात डोळे लेन्सकडे आहेत. वाद्यासकट बसलेला पूर्ण देह. आडवा फोटो, ज्यात एका बाजूला मजकुरासाठी मोकळी जागा सोडली आहे. खरोखर गाताना-वाजवताना काढलेला एक. आणि साध्या राखाडी पडद्यासमोरचा एक, ज्याची पार्श्वभूमी काढून टाकता येईल. हा शेवटचा सगळ्यात कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त वापरला जातो, कारण फ्लेक्सवाला काहीही झालं तरी तुम्हाला कापून नेत्याशेजारी चिकटवणारच आहे. काळ्या पडद्यासमोर काढलेल्या फोटोतले काळे केस कापताना डोक्याचा अर्धा आकार जातो, पांढऱ्यासमोरच्या फोटोत केसांभोवती पांढरी कड राहते. मध्यम राखाडी पडदा, माणूस पडद्यापासून चार-पाच फूट पुढे आणि मागून केसांवर हलकासा दिवा, एवढं केलं की काप स्वच्छ निघतो. ते काम फ्लेक्सवाल्यावर सोडू नका. आपण करून किंवा करवून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल तयार ठेवा. दुकानातला मुलगा तुमची फाइल वापरतो, कारण त्याचा वेळ वाचतो.

बसलेल्या माणसाचा फोटो उभ्याने काढू नये. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याचे डोळे साधारण अडीच फुटांवर असतात. कॅमेरा तिथेच हवा, म्हणजे फोटोग्राफरनेही खाली बसायचं. उभ्याने काढला की गायक बुटका दिसतो आणि कपाळ मोठं होतं. प्रेक्षागृहात स्टेजच्या अगदी पुढ्यात उभं राहून वर बघत काढला तर नाकपुड्या आणि हनुवटीचा खालचा भाग येतो. अंतरही महत्त्वाचं. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमी इतकी रुंद असते. ती घेऊन दोन फुटांवर गेलात की नाक फुगतं आणि पुढे असलेला डग्गा (तबलजीच्या डाव्या हाताखालचा) हंड्याएवढा दिसतो. मोबाइलच असेल तर दोनपट किंवा तीनपट लेन्स लावून सहा-सात फूट मागे जा. कॅमेऱ्यावर ८५ मिमी उत्तम, ५०ही चालते. पोर्ट्रेटसाठी लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ४ ते ५.६ ठेवावं. एफ १.८ वर डोळे स्पष्ट येतात, पण मांडीवरचं वाद्य विरघळून जातं, आणि आपल्याला दोन्ही हवं असतं. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड तर वाद्याबरोबर वापरूच नये. मागचं धूसर करताना तो तंबोऱ्याच्या तारा, माइकची दांडी, सतारीच्या खुंट्या अर्ध्या खाऊन टाकतो.

वाद्याच्या बाबतीत जाणकाराला एका नजरेत कळतं की फोटो ‘धरून बसा’ असं सांगून काढला आहे. तंबोऱ्याची पहिली तार मधल्या बोटाने छेडतात आणि उरलेल्या तर्जनीने. फोटोत मात्र पाचही बोटं गिटारसारखी पसरलेली असतात. ज्याला हे दिसतं तोच संगीत सभेच्या निवड समितीत बसलेला असतो. उपाय सोपा आहे: तंबोरा खरंच जुळवून घ्या आणि खरंच छेडा. जुळलेला तंबोरा कानाशी असला की गायकाचा चेहरा आपोआप बदलतो, ‘जरा भाव आणा’ असं सांगावं लागत नाही.

पेटीची अडचण वेगळी. समोरून काढली की भाता आणि मागची फळी दिसते, बोटं दिसतच नाहीत. वादकाच्या उजव्या हाताच्या बाजूने, थोडं वरून, साधारण पंचेचाळीस अंशांत कॅमेरा लावला की पट्ट्या, बोटं आणि चेहरा एका रेषेत येतात. भात्यावरचा डावा हात थोडा उघडलेला असू द्या, मिटलेला भाता म्हणजे मुकी पेटी. पॉलिशवर दिव्याचा पांढरा डाग येतो, तो लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर फिरवून बराच कमी होतो. पण हाच फिल्टर डग्ग्यावर चालत नाही. धातूच्या पृष्ठभागावरची चमक पोलरायझरला दाद देत नाही. चकचकीत डग्ग्यात दिव्याची छत्री, स्टँड, फोटोग्राफर आणि मागचं दार असं सगळं दिसतं. डग्गा थोडा फिरवून बघायचा, समोर थर्माकोलचे दोन मोठे पांढरे पत्रे उभे करायचे म्हणजे डग्ग्यात नुसता पांढरा पट्टा दिसतो, आणि फोटोग्राफरने काळे कपडे घालायचे. सरोदच्या पोलादी पट्टीलाही हेच लागू.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: फोटो उलटा करणं. डिझायनरला गायक फ्लेक्सच्या आत बघणारा हवा असतो, म्हणून तो आरशासारखा उलटवतो. झालं, सतारवादक डावखुरा झाला, तबलजीचा दायां डाव्या हाताखाली गेला, पदर उजव्या खांद्यावर आला. हरिप्रसाद चौरसिया बासरी डावीकडे धरतात ही त्यांची ओळख आहे. त्यांचा फोटो उलटवला तर ते इतरांसारखे होतात आणि इतरांचा उलटवला तर ते नकली हरिजी होतात. यावर एकच उपाय टिकतो. प्रत्येक फोटो शूटमध्येच दोन वेळा काढायचा: एकदा मान डावीकडे, एकदा उजवीकडे. डिझायनरला आयताच दोन्ही बाजूंना बघणारा फोटो मिळाला की तो उलटवायच्या भानगडीत पडत नाही.

घरी काढायचे असतील तर ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये एक खास शत्रू आहे, खिडकीची ग्रिल. ऊन थेट आत येत असेल तर चेहऱ्यावर गजांच्या सावल्या पडतात आणि चष्म्यातही ग्रिल दिसते. उत्तरेची खिडकी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ग्रिलच्या आतून पांढरं मलमल किंवा जुनं धोतर एकेरी ताणून बांधा, त्यातून येणारा प्रकाश मऊ होतो. माणूस खिडकीपासून तीन-चार फुटांवर, चेहरा खिडकीकडे थोडा वळलेला, आणि अंधाऱ्या बाजूला दोन बाय तीन फुटांचा थर्माकोलचा पत्रा. घरातली ट्यूब आणि पिवळे बल्ब बंद. नाहीतर एक गाल निळा आणि एक पिवळा येतो आणि नंतर कितीही दुरुस्त केलं तरी तो आजारीच दिसतो. चष्मा असेल तर दिवा वर न्या, हनुवटी किंचित खाली घ्या आणि चष्म्याच्या काड्या कानावर एखाद्या सेंटिमीटरने उचला. काचा खाली झुकतात आणि चमक निघून जाते.

बाहेर काढायचे तर तलावपाळी किंवा उपवनला सूर्योदयाच्या सुमाराला पोहोचावं. फिरायला येणारी गर्दी वाढली की पार्श्वभूमीत ट्रॅकसूट येतात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून आहे, आत शूट करायचं तर वनखात्याची परवानगी लागते. रेल्वे स्टेशनच्या आवारातल्या व्यावसायिक शूटलाही परवानगी लागते, मग वाशी-बेलापूरच्या स्टेशनांच्या इमारती कितीही मोह घालोत. पाम बीच रोडवर दुभाजकावर बसून काढलेले फोटो दिसतात. तिथल्या गाड्यांचा वेग बघता तो वेडेपणा आहे. पण मूळ प्रश्न असा की ख्यालगायकाने खाडीकाठी उभं राहून काय सांगायचं आहे? जागा गाण्याशी नातं सांगत असेल तरच बाहेर जावं. रॅप करणाऱ्या कळव्याच्या किंवा तुर्भ्याच्या मुलाला त्याची गल्ली हीच सगळ्यात बलवान पार्श्वभूमी असते, आणि तोच नेमका स्टुडिओत काळ्या पडद्यासमोर हात छातीवर बांधून उभा राहतो.

पावसाळ्यात एसीतून एकदम बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेवर येऊ द्या. पुसत बसलात तर परत धरते. चेहऱ्यावरच्या घामासाठी टिपकागद ठेवा. पावडर पुन्हापुन्हा लावली की तिचे थर दिसतात. दमट हवेत तबल्याचा सूर उतरतो, पुडी (तबल्याचं कातडं) ओढून घेण्यात अर्धा तास जातो, तो वेळेत धरलेला असावा.

कपड्यांबद्दल थोडक्यात. बारीक रेघा आणि बारीक चौकड्यांवर कॅमेऱ्यात इंद्रधनुषी लाटा येतात, त्या काढणं अवघड. पांढरा कुर्ता पांढऱ्या भिंतीसमोर नको. जरीचा काठ चेहऱ्यापेक्षा जास्त चमकत असेल तर दिवा बाजूला सरकवा. कुर्त्याला इस्त्री शूटच्या जागी करा, रिक्षात बसून आलेला कुर्ता कमरेत चुरगळलेलाच असतो. लता मंगेशकरांची रंगीत काठाची पांढरी साडी आणि दोन वेण्या आठवा: एकच पोशाख वर्षानुवर्षं टिकवला की तो ओळख बनतो. पण तो रोज अंगावर असणारा असावा, शूटसाठी भाड्याने आणलेला नव्हे.

मैफलीतले फोटो हा वेगळाच विषय आहे, आणि मला विचाराल तर प्रतिमा घडवणारे खरे फोटो तेच. भीमसेनजींचे गाजलेले फोटो आठवा. आकसलेला चेहरा, हवेत उचललेले हात, कपाळावरच्या शिरा. स्टुडिओच्या नेहमीच्या मापाने हे ‘वाईट’ फोटो. पण आवाजाला किती जोर लागतो ते दिसतं आणि बघणाऱ्याला तान ऐकू येते.

मात्र हे फोटो काढायला ताल कळावा लागतो. सोळा मात्रांच्या तीनतालात तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपणारा तुकडा, चालू झाली की तेराव्या मात्रेपासून कॅमेरा डोळ्याला लावून ठेवायचा. समेच्या आधी तबलजीचा हात वर जातो, समेवर गायक साथीदाराकडे बघतो आणि दोघंही हसतात. समेनंतर दाबलेलं बटण उशिराचं असतं. विलंबितात तालाचं एक आवर्तन मिनिटभरही चालतं, तिथे मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, यायची वाट बघायची. तान चालू असताना तोंड उघडं आणि डोळे अर्धे मिटलेले असतात, शंभरातले नव्वद फोटो वाया जातात. स्वर संपवताना ओठ मिटतात आणि भाव तसाच राहतो, तो अर्धा सेकंद पकडायचा.

शटरचा वेग किती? माझं मत, चेहरा स्थिर आणि बोटं किंचित धूसर हवीत. १/१०० सेकंदाच्या आसपास ते साधतं. १/५०० वर तबलजीची बोटं गोठतात आणि तो नुसता हात ठेवून बसल्यासारखा दिसतो. १/१०० चा दुसराही फायदा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० वर ते पट्टे फोटोत येत नाहीत. मिररलेस कॅमेऱ्याचा मूक शटर आलापीत वरदान, पण एलईडी दिव्यांखाली त्यात पट्टे जास्त उमटतात. म्हणून साउंड चेकच्या वेळी, खऱ्या दिव्यांखाली पाच-सहा फोटो काढून मोठे करून बघावेत. पट्टे असतील तर आलापात कॅमेरा खाली ठेवायचा आणि द्रुत (जलद लय) सुरू झाल्यावर टाळ्यांच्या आडोशाने यांत्रिक शटर वापरायचा. आलापीत खटॅक खटॅक करणाऱ्याला लोक परत बोलावत नाहीत.

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं भावे नाट्यगृह, कुठेही जांभळे-गुलाबी एलईडी चेहऱ्यावर मारले की लाल आणि निळा रंग भरून वाहतो आणि त्वचेचा पोत नाहीसा होतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढली तर थोडं वाचवता येतं, नाहीतर कृष्णधवल करून सुटका करून घ्यायची. त्याहून बरं म्हणजे प्रकाशवाल्याशी आधी बोलून ठेवणं: ‘रंग मागच्या पडद्यावर टाका, चेहऱ्यावर साधा पिवळसर पांढरा द्या.’ बहुतेक जण आनंदाने करतात, त्यांना कुणी सांगतच नाही. तसंच माइकचं. समोरून बघितलं तर माइक तोंडावर येतो. तीस-चाळीस अंश बाजूला सरका, ज्या बाजूला माइकची दांडी नाही त्या बाजूला.

निवड करताना कुटुंबाला विचारू नये. घरचे नेहमी ‘यात तू छान दिसतेस’ तोच निवडतात. फोटो मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करा आणि जो तुम्हाला ओळखत नाही त्याला विचारा, हा माणूस काय करत असेल? उत्तर ‘बँकेत असेल’ असं आलं तर फोटो बाद. दुरुस्तीत मुरुम, डाग, उडालेला केस काढा. सुरकुत्या, तीळ, गालाचा आकार यांना हात लावू नका. मोबाइलमधली सौंदर्य-सोय (ब्यूटी फिल्टर) बऱ्याचदा आधीपासूनच चालू असते, ती आधी बंद करा. फोटोतली पंचविशीची गायिका रंगमंचावर पंचेचाळिशीची निघाली की पहिली दहा मिनिटं लोक गाणं ऐकत नाहीत, हिशोब करत बसतात. एआयने बनवलेले फोटो तर सरळ टाळा. तंबोऱ्याला खुंट्या किती आणि तबल्याची शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, कुठे, हे त्याला अजून धड जमत नाही, आणि तेवढी एक चूक तुमच्या तालमीबद्दल शंका घ्यायला पुरेशी असते.

फाइल पाठवताना निम्मे फोटो मरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकुंचन पावतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. छपाईसाठी ए४ पान भरायला ३०० डीपीआयने २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. फ्लेक्सला तेवढे लागत नाहीत, कारण तो लांबून बघतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो येतो. दहा फूट म्हणजे १२० इंच, म्हणजे इंचाला ५० पिक्सेल, चौकात टांगायला पुरे. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि सावल्या एकदम काळ्या होतात, म्हणून त्यांच्यासाठी सावल्या थोड्या उजळलेली वेगळी प्रत ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर काळी शेरवानी वर्तमानपत्रात म्हणजे तरंगणारं मुंडकं. स्पॉटिफायवर गोल चित्राला किमान ७५० बाय ७५० आणि वरच्या रुंद पट्टीला किमान २६६० बाय ११४० लागतात. त्या पट्टीसाठी चेहरा डोक्यावर जागा सोडून आडवा काढलेला हवा. उभा फोटो तिथे घातलात तर कपाळ जातं.

साथीदारांसाठी एक वेगळी विनंती. फ्लेक्सवर पेटीवाल्याचा आणि तबलजीचा फोटो नसतो याचं एक साधं कारण असं की आयोजकाला तो शेवटच्या रात्री मिळत नाही. मिळतो तो एखाद्याच्या लग्नातला, बाजूच्याचा खांदा कापलेला. आपला संच तयार असेल आणि नाव होकारासोबतच गेलं तर फोटो का नाही असं विचारायला तरी जागा राहते.

हक्कांचं शूटच्या आधीच लिहून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणारा असतो. म्हणजे तुम्ही पैसे मोजले तर तुम्ही, आयोजकाने फोटोग्राफर आणला तर आयोजक, आणि मित्राने हौसेने फुकट काढले तर मित्र. हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भांडणं लावतो. दोन ओळींचा ईमेल पुरतो: कुठे वापरणार, जाहिरातीत चालेल का, नाव कसं द्यायचं. आणि नाव द्याच. कोपऱ्यातली बारीक अक्षरं फोटो बिघडवत नाहीत.

संच दर दोन-तीन वर्षांनी बदला, दाढी ठेवली किंवा चष्मा लागला तर लगेच. जुना काढून टाकणं नवा काढण्यापेक्षा कटकटीचं असतं. ड्राइव्हची लिंक तीच ठेवून आतले फोटो बदलले तर जुन्या आयोजकांकडेही नवेच जातात. फाइलच्या नावात आपलं नाव आणि वर्ष असू द्या, म्हणजे ‘हा २०१७ चा आहे, कृपया वापरू नका’ असं फोनवर सांगता येतं. तिकिटांच्या साइटवर मागच्या कार्यक्रमाचं पान तसंच पडून असतं आणि गूगलवर नाव टाकलं की पहिला तोच फोटो येतो. त्यांना कळवून तो बदलायला सांगावा लागतो, आणि तोवर आपल्या यूट्यूब चॅनेलवर, फेसबुक पानावर एकच नवा चेहरा लावून ठेवावा. फ्लेक्स छापायला जायच्या आधी प्रूफ मागवा आणि ते मोबाइलवर नव्हे, लॅपटॉपवर पूर्ण आकारात उघडून बघा: नाव, पदर कुठल्या खांद्यावर, आणि पेटीवाल्याचं आडनाव.